विंडोजचे अपडेट वारंवार फसत असल्यास काय करावे

अपडेट अर्ध्यावर असताना पडद्यावर ‘अनडूइंग चेंजेस’ अशी सूचना आली, तर विंडोज स्वतःहून आधीच्या स्थितीत परतत आहे असे समजावे आणि काहीही झाले तरी पॉवरचे बटण दाबू नये. जुन्या हार्ड डिस्कवर या कामाला तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. इंदूरमध्ये पावसाळ्याच्या दिवसांत आभाळ भरून आले की लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि घरगुती यूपीएस काही मिनिटांपलीकडे डेस्कटॉपला साथ देत नाही. म्हणून रामबागेत काय किंवा सुदामानगरात काय, अशा संध्याकाळी मोठे अपडेट सुरू न करता ते दुसऱ्या दिवसावर ढकललेले बरे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावे.

संगणक पुन्हा सुरू झाला की लगेच ‘रिट्राय’ दाबण्याचा मोह आवरावा. आधी सेटिंग्जमधील विंडोज अपडेट या भागात जाऊन ‘अपडेट हिस्टरी’ उघडावी आणि फसलेल्या अपडेटचा केबी क्रमांक (म्हणजे त्या अपडेटची ओळख सांगणारा आकडा) व त्यापुढील एरर कोड कागदावर उतरवून घ्यावा. हा कोड किती मोलाचा असतो, हे जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेल्या केबी ५०३४४४१ या अपडेटवरून कळते. ते असंख्य संगणकांवर ८००७०६४३ हा कोड दाखवून फसत होते. सी ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही ते बसत नसे, कारण त्याला जागा हवी होती ती रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीसाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या भागात, २५० एमबी, आणि हे पार्टिशन फाइल एक्सप्लोररमध्ये सहसा दिसतच नाही. अशा वेळी फायली पुसत बसण्याचा काहीच उपयोग नव्हता. कोड शोधून पाहणाऱ्यालाच खरे कारण सापडले.

कोड ८००७००७० असेल तर मात्र दोष सरळ जागेचा असतो. सेटिंग्जमधील स्टोरेज विभागातून टेम्पररी फाइल्स काढाव्यात, परंतु त्या यादीत ‘डाउनलोड्स’वर खूण असल्यास ती आधी काढावी, कारण घरातली महत्त्वाची कागदपत्रे पुष्कळदा तिथेच पडून असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालत असेल आणि ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणजे मोजक्या डेटाचे म्हणून नोंदलेले असेल, तर बरेचसे अपडेट आपोआप उतरत नाहीत. ही खूण काढावी किंवा ब्रॉडबँड वापरावे.

एवढ्याने भागले नाही, तर उतरवलेल्या फायलीच बिघडल्या असण्याची शक्यता असते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर’ या दोन सेवा थांबवाव्यात, सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरच्या आतील ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचे नाव बदलावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तो फोल्डर नव्याने तयार करते. यात अपडेट हिस्टरीही पुसली जाते, म्हणूनच कोड आधी लिहून ठेवायचा.

८००७३७१२ हा कोड विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब झाल्याचे सांगतो. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावी, प्रथम डिझम (DISM) या दुरुस्तीच्या आज्ञेचा ‘रिस्टोअर हेल्थ’ हा प्रकार आणि ते काम पूर्ण झाल्यावर विंडोजच्या फायली तपासणाऱ्या एसएफसीची (SFC) ‘स्कॅन नाऊ’ ही आज्ञा चालवावी. हा क्रम उलटवू नये, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेते, तो साठा डिझम दुरुस्त करते. डिझमची टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबलेली दिसते. खिडकी बंद न करता धीर धरावा.

दुकानात नेल्यावर अनेकदा थेट फॉरमॅट सुचवले जाते. माझ्या मते त्याआधी विंडोज ११ मधील सिस्टिम, रिकव्हरी आणि ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ हा मार्ग अवश्य वापरावा: त्यात विंडोज नव्याने बसते, मात्र आपल्या फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज जागेवर राहतात. तरीही फोटो आणि हिशेब यांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आधीच घ्यावी. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, त्यावर नवे अपडेट येत नसेल तर तो बिघाड नव्हे. तेथे वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावे किंवा संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे का, ते तपासावे.