कोण चावलं हे बघण्याआधी मलम लावताय? या चुका टाळा

मागच्या मार्चमध्ये आमच्या घरात सगळ्यांनाच खाज सुटली. आईचं म्हणणं, "पित्त उठलं, आमसूल चोळा." बायकोचं म्हणणं, मच्छर. मी सगळ्यांत शहाणा. मेडिकलमधून खरजेचं मलम आणलं आणि चौघांनाही मानेपासून पायापर्यंत चोपडायला लावलं. आठवड्याने पुन्हा एकदा. खाज जशीच्या तशी. शेवटी ऊन तापलं म्हणून कूलर काढायला गेलो, बाजूची जाळी उघडली, तर खसच्या ताटीमागे कबुतराचं रिकामं घरटं. काड्यांवर मिरपूड सांडावी तशी धूळ. जरा वाकून बघितलं, तर ती धूळ चालत होती.

नागपुरात हिवाळाभर खिडकीत बंद पडलेला कूलर म्हणजे कबुतरांसाठी आयता फ्लॅट. पिल्लं उडून गेली की घरट्यातल्या माइटना (कोळ्याच्या जातीचे बारीक किडे) रक्त मिळत नाही आणि ते फटीतून घरात शिरतात. आकार एक मिलिमीटरपेक्षा कमी. माणसाच्या अंगावर ते मुक्काम करत नाहीत, चावतात आणि उतरतात. मग अंगाला मलम लावून काय होणार? मास्क आणि हातमोजे घालून, घरट्यावर पाणी शिंपडून ते पिशवीत बांधलं (कोरडं झाडलं की विष्ठेची धूळ छातीत जाते), कूलर आणि चौकट साबणाच्या पाण्याने घासली, खिडकीला जाळी ठोकली. दोन आठवड्यांत घर शांत.

नुसत्या पुरळावरून ओळखायला जाणं

लाल गाठ मच्छराचीही तशीच आणि ढेकणाचीही तशीच. कातडीकडे बघून खात्रीने सांगणं डॉक्टरांनाही जड जातं. म्हणून प्रश्न वेगळे विचारायचे. घरात कुणाकुणाला आहे? खाज रात्री वाढते का? उघड्या अंगावर आहे की कपड्याखाली? दोन-तीन आठवड्यांत कुठे गेला होता, कुठे झोपला होता?

आणि एक बॉलपेनची युक्ती. गाठीभोवती गोल काढा. दुसऱ्या दिवशी गोलातली गाठ गायब आणि नवी भलतीकडेच उठलेली असेल, तर ते बहुतेक पित्तच, म्हणजे आईचं बरोबर. गाठ तिथेच ठाण मांडून असेल तर चावा समजा.

"एकाच पलंगावर झोपतो, मला काही नाही, मग ढेकूण कसे असतील?" हा वादही सोडा. तेच ढेकूण दोघांना चावतात, एकाच्या अंगावर गाठी उठतात, दुसऱ्याला पत्ताही नसतो.

ढेकणांसाठी उन्हावर आणि गोळ्यांवर विसंबणं

मे महिन्यात गच्चीवर गादी टाकली की ढेकूण मेले, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. गादीचा वरचा थर तापतो हे खरं, पण कापसाच्या जाड गादीत ढेकूण खालच्या शिवणीत सरकतात आणि संध्याकाळी गादीसोबतच खाली येतात. तसाही त्यांचा अर्धा संसार पलंगाच्या सांध्यांत, प्लगच्या डब्यांत आणि भिंतीवरच्या फोटोमागे असतो. रक्ताशिवाय ते महिनोन्‌महिने काढतात, त्यामुळे खोली बंद ठेवून उपाशी मारायचा बेतही फसतो. शिवणीवर काळे ठिपके दिसतात का ते टॉर्चने बघा. चादरी आणि अभ्रे कडक पाण्यात धुवा, लोखंडी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, आणि दोन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करा, कारण तोवर अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर आलेली असतात. तरीही हटले नाहीत तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. गव्हाच्या कोठीत टाकायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, झोपायच्या खोलीत ठेवू नका. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. या गोळ्यांनी झोपेतच माणसं गेली आहेत. रॉकेल शिंपडणं हा त्याच वेडेपणाचा धाकटा भाऊ.

खरजेला "तीन औषधांचं" मलम

बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती, आणि रात्री गादीला पाठ लागली की जीव नकोसा करणारी खाज: ही खरूज. हिचा माइट कातडीतच बोगदा करून राहतो. पहिल्यांदा झाली तर खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे "कुठून आली" हे कुणाला आठवत नाही. मेडिकलमध्ये विचारलं की स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवस बरं वाटतं, कारण स्टेरॉइड खाज दाबतं. माइट मजेत वाढतात, आणि पुढे पुरळ इतकं बदलतं की डॉक्टरही बुचकळ्यात पडतात.

डॉक्टरांनी पर्मेथ्रिनचं मलम दिलं तर ते खाजेपुरतं नाही, मानेखाली सगळ्या अंगाला, नखांखालीही, रात्रभर ठेवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी विचारून घ्या. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून रोज मलम चोपडत बसलात तर कातडी भाजेल.

जे चावलंच नाही, ते

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती मुंगीसारखा केशरी-काळा किडा फिरतो. तो चावत नाही. मानेवर बसला की आपण फटकन चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस पसरतो. दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो आणि घरात कुणीतरी "नागीण" म्हणतं. मग उतारे सुरू. किडा फुंकरीने उडवा, जागा लगेच साबणाने धुवा.

मच्छरदाणी लावूनही बारीक काहीतरी चावत असेल तर वालुमाशी असू शकते. ती साध्या जाळीतून आत शिरते. १९६५ मध्ये आपल्याच नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात सापडलेला चांदीपुरा विषाणू हीच माशी पसरवते आणि तो लहान मुलांवर उलटतो. मुलाला अचानक जोराचा ताप आणि झटका आला तर घरी थांबू नका.

ताप आणि न दुखणारी खपली

ही चूक सगळ्यांत महाग पडते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस नावाच्या तापाची साथ आली, तेव्हा कुठे हे नाव आपल्याकडे लोकांच्या तोंडी आलं. गवतात, झुडपांत राहणाऱ्या माइटची अळी, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी, चावते. चावा कळतसुद्धा नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, आणि तापाला एरवी दिली जाणारी बरीच अँटिबायोटिकं इथे चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू.

खूण एकच, तीही सगळ्यांना नसते: सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली. ती असते काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे, नाड्याच्या किंवा बेल्टच्या खाली. पावसाळ्यात ले-आउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत उपटलं असेल, शेतात गेला असाल, गवतावर नुसतं बसला असाल, तर घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे धुवायला टाका, आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना गवताचं आपणहून सांगा.

काटोलकडच्या आमच्या मामांना पाच दिवस ताप होता. रिपोर्ट सगळे चांगले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पायजम्याचा नाडा सैल करायला लावला, तर कमरेवर काळी खपली. मामी चिडल्या, सांगितलं का नाही म्हणून. मामा म्हणाले, "दुखतच नव्हतं नं, मंग काय सांगू?"