व्हिटॅमिन सी सीरम लावायचंय? मग हे वाचा

आधी एक सांगते, चेहऱ्यावर लिंबू चोळणं बंद करा, त्याने आग होते आणि उन्हात गेलं की डाग उलट वाढतात. सीरम घेताना लेबलवर एल-अस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी) लिहिलंय का बघा, सुरुवातीला १० टक्के पुरे, २० च्या वर जाऊन जास्त फायदा होत नाही, नुसती चुरचुर. स्किन फारच सेन्सिटिव्ह असेल तर सोडियम अस्कॉर्बिल फॉस्फेटवालं घ्या, ते व्हिटॅमिन सीचंच जरा सौम्य रूप असतं. आधी कानामागे लावून एक दिवस थांबा.

सकाळी तोंड धुवून, नीट कोरडं करून ३-४ थेंब, मग मॉइश्चरायझर आणि वर सनस्क्रीन, तेही ढगाळ दिवशीसुद्धा, कारण सीरम उन्हापासून थोडी जादा मदत करतं पण सनस्क्रीनचं काम काही करत नाही. पिंपल्सचे काळे डाग फिके पडतात, कोलॅजेन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रोटीन) बनायला मदत होते, पण दोन-तीन महिने धीर धरा, चार दिवसांत गोरं वगैरे कोणी होत नाही हो!

बाटली गडद काचेची घ्या आणि बाथरूममध्ये अजिबात ठेवू नका. पाण्यासारखं सीरम चहासारखं तपकिरी झालं की सरळ फेकायचं, कितीही महाग असू दे.