सरासरी काढण्यापूर्वी स्तंभाचा प्रकार तपासा

पदव्युत्तर प्रकल्पासाठी शंभरएक कुटुंबांच्या सर्वेक्षणाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींचा तक्ता) मी प्रथमच आर या सांख्यिकी कामासाठीच्या संगणकीय भाषेत उघडली, तेव्हा मासिक उत्पन्नाची सरासरी ३७ रुपये आली. संगणकाने कोणतीही चूक दाखवली नव्हती, म्हणून मी आधी सूत्रालाच दोष देत बसलो.

दोष एका आडव्या रेघेचा होता. एका कुटुंबाने उत्पन्न सांगितले नाही, म्हणून तेथे कोणीतरी रेघ टाकली होती. आर रिकामी जागा किंवा 'एनए' ही नोंद अनुपलब्ध माहिती म्हणून ओळखते, रेघ मात्र अक्षर समजते आणि त्या एका अक्षरापायी संपूर्ण स्तंभ मजकुराचा ठरवते. तेव्हाच्या आवृत्तीत 'रीड.सीएसव्ही' हा फाइल वाचण्याचा आदेश असा स्तंभ परस्पर फॅक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक गटांच्या प्रकारात, बदलत असे (२०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून हे थांबले). फॅक्टरमध्ये प्रत्येक वेगळ्या मूल्याला एक क्रमांक मिळतो, आणि मी त्यावर थेट 'ॲज.न्यूमेरिक' हा संख्येत बदलण्याचा आदेश चालवल्यामुळे रुपयांऐवजी या क्रमांकांची सरासरी निघाली होती. फॅक्टरचे आधी मजकुरात आणि मगच संख्येत रूपांतर करावे लागते. त्याहून बरे म्हणजे फाइल वाचतानाच 'एनए.स्ट्रिंग्ज' या पर्यायात, म्हणजे अनुपलब्ध समजायच्या खुणांच्या यादीत, रेघेचा उल्लेख करावा.

तेव्हापासून फाइल उघडताच मी प्रथम 'एसटीआर' हा आदेश देतो; त्यात ओळींची व स्तंभांची संख्या, प्रत्येक स्तंभाचा प्रकार आणि पहिली काही मूल्ये एकत्र दिसतात. 'क्लास' आणि 'टाइपऑफ' या प्रकार सांगणाऱ्या दोन आदेशांत नवख्यांचा गोंधळ होतो. आरसोबतच येणाऱ्या १५० फुलांच्या 'आयरिस' संचातील प्रजातीच्या स्तंभाला 'क्लास' फॅक्टर म्हणते आणि 'टाइपऑफ' पूर्णांक म्हणते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण पहिले वस्तूची वागणूक सांगते आणि दुसरे तिची स्मृतीतील साठवण.

आपल्याकडील फाइलींत १,२५,००० असा स्वल्पविराम घातलेला आकडाही मजकूर ठरतो. याउलट ०२० हा पुण्याचा दूरध्वनी संकेतांक संख्या म्हणून वाचला जातो आणि त्याचे नुसते २० उरते. अशा संकेतांकाच्या स्तंभाचा प्रकार फाइल वाचतानाच 'कॉलक्लासेस' या पर्यायात आपणच सांगावा. सर्वांत गमतीचा अनुभव महिला बचत गटांच्या माहितीचा: लिंगाच्या स्तंभात सर्वत्र 'एफ' (फीमेल, म्हणजे स्त्री) होते, आणि आरने ते 'फॉल्स', म्हणजे असत्य, म्हणून वाचले.