डोक्यातला सोरायसिस: इंजेक्शन सुरू करताना

अकरा वर्षं मी गडद साडी नेसले नाही. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळेपर्यंत खांद्यावर पांढरा चुरा पडलेला असायचा. फणी फिरवली की खपली निघायची आणि खाली रक्ताचा बारीक टिपका. डांबराचा शाम्पू, क्लोबेटासोलचं लोशन, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, सगळं झालं. आता दीड वर्ष सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन घेतेय. त्वचेतला दाह पेटता ठेवणाऱ्या आयएल-१७ए या एकाच प्रथिनाला ते अडवतं. तुम्हाला डॉक्टरांनी ते सुचवलं असेल तर हे वाचा.

आधी क्षयाची तपासणी: छातीचा एक्स-रे, शिवाय मांटू (हाताच्या कातडीत टोचून बघतात ती) किंवा रक्ताची इग्रा चाचणी. एका ठिकाणी मला काहीही न तपासता "आजच घेऊन टाका" म्हणाले. मी उठून आले. लहानपणी मी आजोबांच्या खोलीत झोपायचे आणि त्यांना क्षय होता. दुसऱ्या डॉक्टरांनी चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, पण जंतू अंगात झोपलेले होते. महिनाभर प्रतिबंधक गोळ्या घेतल्या, मगच पहिली सुई. गोळ्यांचा कोर्स पुढे पुरा केला. हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्हीही तपासून घ्या. आतड्याच्या सुजेचा जुना आजार असेल तर लपवू नका, या औषधाने तो उफाळू शकतो.

माझा डोस ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० ची दोन पेनं (औषध भरलेली, पेनासारखी इंजेक्शनं). पहिले पाच डोस दर आठवड्याला, नंतर चार आठवड्यांनी एक.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. घेण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात धरू नका, हलवू नका. मांडीवर घ्या, नाहीतर पोटावर, बेंबीपासून पाच सेंटीमीटर सोडून. पेन सरळ उभं दाबलं की 'टक्' होतं. पहिल्यांदा मी तिथेच उचलणार होते, नर्सबाईंनी हात दाबून धरला. दुसरा 'टक्' ऐकू येऊन खिडकीतली हिरवी खूण थांबेपर्यंत धरून ठेवा. नंतर चोळू नका.

ताप असेल किंवा जिभेवर पांढरा थर आला तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कुठलीही लस त्यांना विचारूनच.

माझी खाज तिसऱ्या आठवड्यात गेली, डोकं साफ व्हायला तीन महिने लागले. साफ झाल्यावर मात्र डोस लांबवू नका. भाचीच्या लग्नाच्या गडबडीत मी एक डोस तीन आठवडे पुढे ढकलला, आणि हळदीच्या दिवशी कानामागे बोटाला खपली लागली.