एलडी सेंटरच्या पैशांची तयारी: आधी मे महिना धरा

मुंबईत अध्ययन अक्षमता (एलडी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांसाठी दोन खोल्यांचं रेमेडियल सेंटर, म्हणजे खास शिकवणीचं केंद्र, काढायचं आणि त्यासाठी पैसे उभे करायचे, तर पॅन, आधार, पदवीची प्रमाणपत्रं, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं हे कुणालाही ठाऊक असतं. त्यावर वेळ घालवत नाही. अशा यादीतून जे हमखास सुटतं तिथूनच सुरुवात: मे महिना. कॅशफ्लोच्या, म्हणजे महिन्यागणिक जमा-खर्चाच्या, कागदावर बारा रकाने आखा आणि पहिला आकडा मेच्या रकान्यात भरा. जमेच्या बाजूला शून्य लिहा. हात धजत नसेल तरी लिहा.

कारण सरळ आहे. दहावीची मुलं मार्चमध्ये परीक्षा संपवून निघून जातात, आणि आठवी ते दहावीचीच गर्दी जास्त असल्यामुळे यादीतला मोठा तुकडा एकदम गळतो. बाकीच्यांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, मुलं गावाला जातात, पालक सांगतात, ‘मॅडम, आता जूनपासून बघू.’ राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, वह्या-पुस्तकं-गणवेशाचा खर्च उरकतो आणि मग तुमच्या फीची आठवण होते. म्हणजे नाव मे असलं तरी हिशोबाने हे दोन महिने आहेत. भाडं, पगार आणि बँकेचा हप्ता मात्र गावाला जात नाहीत.

आकडे समजण्यापुरते धरू. भाडं ३०,०००, एका स्पेशल एज्युकेटरचा (अशा मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिकेचा) पगार २८,०००, मावशींचे ८,०००, वीज-नेट-झेरॉक्स ५,०००, आणि चार लाखांच्या कर्जाचा ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे ८,७००. झाले जवळपास ८० हजार. दोन महिन्यांचे १,६०,०००. यात तुमच्या घरचा किराणा नाही. ही रक्कम वेगळ्या खात्यात, जमल्यास मुदत ठेवीत, सेंटर उघडण्याआधी असायला हवी. ‘वर्षभरात साठवू’ म्हणू नका. पहिल्या वर्षी साठत नाही.

आणि मेमध्ये शिक्षिकेचा पगार अर्धा करायची युक्ती सुचली तर ती तिथेच सोडा. जूनमध्ये शाळांनाही स्पेशल एज्युकेटर हवाच असतो, ती परत येणार नाही, आणि तिच्याबरोबर तिच्याकडची मुलंही जातील.

आता बँक. छोट्या व्यवसायांना कर्ज देणाऱ्या केंद्राच्या मुद्रा योजनेत शिशु गट ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तारण लागत नाही. आपल्या कामाला बहुतेक वेळा किशोर गट पुरतो. शिशुच्या पैशात मुंबईत डिपॉझिटही भागत नाही. अडचण वेगळीच आहे. मुदत कर्ज वस्तूवर मिळतं. तुम्ही कोटेशन देता, बँक पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात टाकते. पण आपल्या कामात वस्तू आहेत किती? चार टेबलं, आठ खुर्च्या, एक लॅपटॉप, प्रिंटर, पांढरा फळा, एसी. खरा खर्च भाडं आणि पगार यांचा, आणि त्याचं कोटेशन कुणी देत नाही. म्हणून अर्जातच दोन भाग मागा: सामानासाठी मुदत कर्ज आणि चालू खर्चासाठी खेळतं भांडवल, ओव्हरड्राफ्टच्या रूपात, म्हणजे खात्यात पैसे नसले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढता येतील असं. मुद्रा योजनेत दोन्ही बसतं. हे नंतर वाढवून मागू म्हणाल तर नंतर म्हणजे नेमका मे उजाडलेला असतो, आणि रिकाम्या खात्याचं स्टेटमेंट घेऊन गेलेल्या माणसाला कुणी मर्यादा वाढवून देत नाही. फर्निचरचं फुगवलेलं कोटेशन लावून त्यातून पगार काढायचा उद्योग करू नका. बँकेचा माणूस पाहणीला येतो आणि टेबलं मोजतो.

मंजुरीपत्र हातात आलं की हप्ता कधी सुरू होतो ते आधी वाचा. सुरुवातीचे काही महिने सूट मागता येते, पण ती अर्जाच्या वेळी. सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल महिनाभर आधी काढून बघा, क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी तिथे दिसते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटाला बाहेरूनच नमस्कार.

जागेचा कागद बँकेला लागतोच, आणि इथे मे पुन्हा आडवा येतो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं करारपत्र, साधारण ११ महिन्यांचं असतं. तुम्ही शहाणपणाने १ जूनला सुरू केलंत, तर ते ३० एप्रिलला संपतं. म्हणजे नूतनीकरण, वाढीव भाडं, पुन्हा नोंदणी, आणि दलाल मधे असेल तर त्याचं एक भाडं, हे सगळं पैसे नसलेल्या महिन्यात. करार तीन वर्षांचा करा, किंवा निदान २२ महिन्यांचा, वाढीची टक्केवारी त्यातच लिहून घ्या. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का असतं, एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर धरलेल्या १० टक्के व्याजावर. ३०,००० भाडं आणि दीड लाख डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांना ९०० च्या आसपास, वर नोंदणीचे १,०००. एवढ्यासाठी बिननोंदणीचा करार करू नका, कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि बँकही असा कागद परत करते. डिपॉझिट कर्जातून भागेल असं धरू नका, ते स्वतःचं. निवासी इमारतीत असाल तर सोसायटीची लेखी ना-हरकत घ्या. सेक्रेटरी तोंडी ‘चालेल हो’ म्हणतो आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी बदलतो. तळमजला किंवा चालू लिफ्ट, आणि स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. यापलीकडे जागेचं कौतुक नको.

गुमास्ता, म्हणजे दुकानं-आस्थापना कायद्याची नोंदणी: मोजकीच माणसं असतील तर नुसती सूचना द्यावी लागते, पालिकेकडे ऑनलाइन. तिची पावती जपा, चालू खातं तिच्यावर उघडतं. पाटी मराठीत, देवनागरीत, दुसऱ्या भाषेपेक्षा लहान अक्षरात नाही. व्यवसाय कराचे तुमचे स्वतःचे वर्षाला २,५००, आणि पगारदार ठेवला की नोकरांसाठीची वेगळी नोंदणी. महिलांना २५,००० पगारापर्यंत हा कर नाही, पण वरच्या उदाहरणातली शिक्षिका २८,००० वर आहे, तिचा कापावा लागेल. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर. भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी तुमची आणि शिक्षिकेचीही तपासा. ती पाच वर्षांनी नूतन करावी लागते आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे चालू प्रशिक्षणाचे, गुण लागतात. मुदत संपलेलं प्रमाणपत्र फाइलला लावलं तर देणगीदार पहिल्याच पानावर थांबतो.

मुलाची अडचण तपासायच्या चाचण्यांचे संच. इथे उगाच पैसा घालवतात. बुद्धिमापन चाचणी मानसशास्त्रज्ञानेच घ्यायची असते. तुमच्याकडे ती व्यक्ती पूर्णवेळ नसेल तर महागडा संच कपाटात पडून राहील, आणि प्रत्येक मुलामागे उत्तरपत्रिका पुन्हा विकत घ्याव्या लागतील. त्यांची झेरॉक्स काढू नका, ती चोरी आहे. शिवाय बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी खासगी अहवाल पुरत नाही. सायन, नायर यांसारख्या सरकारी-पालिकेच्या रुग्णालयातल्या एलडी क्लिनिकचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे नंबर लागायला वेळ जातो हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगा. सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ मुलागणिक बोलवा. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी डाली ही डिस्लेक्सिया (वाचनाची अक्षमता) तपासायची चाचणी मराठीत आहे, तिची चौकशी आधी करा. बाकी वाळूची ट्रे, अक्षरांचे ठोकळे, चौकटीच्या वह्या, यांना कर्ज लागत नाही.

फी आणि मुलांची संख्या. शाळा सुटल्यावर साडेतीन ते आठ, ४५ मिनिटांचं सेशन, मधे दहा मिनिटं. एका खोलीत दिवसाला पाच, आठवड्याला २५. मूल दोनदा येतं म्हणजे एका शिक्षिकेकडे १२ मुलं, त्यावर नाही. दुपारची शाळा असलेली मुलं सकाळी बोलावता आली तरच आकडा वाढतो. सेशनला ७०० धरले तर १२ मुलांचे महिन्याला ६७,२००, त्यातून आजारपण, लग्नं आणि जुलैत बंद पडलेल्या लोकलचे दहा टक्के वजा करा. राहिले ६० हजार. खर्च ८० आहे, विसरलात का? म्हणून पहिल्या दिवसापासून पगारी शिक्षिका ठेवू नका. एकट्याने १२ मुलं घ्या, प्रतीक्षा यादीत सहा नावं आली की मग ठेवा. तिच्याशिवाय खर्च ५२ हजारांवर येतो आणि मेची ठेव लाखभरावर.

मेवर दुसरा उपाय फीच्या पद्धतीतच आहे. वर्षाला ८० सेशन, म्हणजे ५६,०००. ते दहा महिन्यांत न घेता १२ हप्त्यांत घ्या, महिन्याला ४,७०० च्या आसपास. पालकांना हप्ता हलका वाटतो आणि मेमध्ये खातं कोरडं पडत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवरच हे छापा, मधेच सोडणाऱ्यांचा हिशोब कसा होईल तेही. दहावीच्या मुलांकडून फेब्रुवारीपर्यंत पुरते घ्या. निकालानंतर कुणी फोन उचलत नाही. मेमधलं वाचनाचं शिबिर जरूर ठेवा, पण त्यात चार-पाच मुलं धरा, वीस नव्हे, आणि ठेव त्याच्या भरवशावर कमी करू नका.

देणग्या आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा. तुम्ही एकट्याच्या नावावर सेंटर चालवत असाल तर सीएसआर विसरा. विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी लागते, तिला १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे आज वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाकलात तरी सीएसआरचा पैसा चौथ्या वर्षी. एखाद्या जुन्या ट्रस्टचा प्रकल्प म्हणून काम करणं हा जवळचा रस्ता, पण तेव्हा पैसा त्यांच्या खात्यात येतो आणि मेमध्ये त्यांचा हिशोबनीसही गावाला असतो. शेवटचा हप्ता मार्चच्या आत मागून ठेवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या योजनांमागे धावू नका. १९९९ चा तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी आहे. आपली मुलं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, त्या चारांत नाहीत. अर्जात अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांची सरमिसळ झाली तर वाचणारा तिथेच समजून जातो. क्लब आणि मंडळं टेबल, पंखा, संगणक देतात, वर नाव रंगवून. घ्या. भाडं देत नाहीत.

राहिलेलं भराभर. चालू खातं वेगळं. पावत्यांना क्रमांक. शाळेकडून काम घेतलंत तर पैसे टीडीएस कापून येतात, तो आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसतो का पाहा. दाराला काचेची खिडकी, कॅमेरा, मुलाला घ्यायला कोण येणार त्याची वही. आगीचा विमा. मुलांचे अहवाल कुलपात. अर्जाचे दोन संच, प्रत्येक पानावर सही. आणि बँकेत निघण्याआधी प्रोजेक्ट रिपोर्टमधलं कॅशफ्लोचं पान काढा. सीएने बाराही रकान्यांत सारखाच आकडा ओढला असेल, तसाच ओढतात. एप्रिलचा अर्धा, मेचा शून्य आणि जूनचा अर्धा करून घ्या, मगच सही.