क ते ज्ञ न घोकता मुलाला मराठी वाचायला कसं शिकवायचं

बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या पुष्कळ मुलांना मुळाक्षरं आणि बाराखडी तोंडपाठ असते, पण 'मका' हा शब्द समोर आला की ती अडतात. पाठांतरात अक्षरांचा क्रम डोक्यात बसतो, पण आकार आणि आवाज यांची सांगड बसत नाही. खात्री करायची असेल तर 'के' एवढंच अक्षर दाखवा. मूल 'क, का, कि, की' म्हणत तिथपर्यंत पोचलं, तर ते वाचत नाही, आठवतंय. म्हणून मोजकी अक्षरं घ्या, आणि त्यांचे खरे शब्द पहिल्या काही दिवसांतच होऊ द्या.

त्याआधी दोन आठवडे फक्त कानाचे खेळ, पाटीसुद्धा नको. 'कान, काका, मामा' यांत वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द कोणता? घरात 'न'ने सुरू होणारं काय काय आहे? मग तुम्ही 'ना… क' असं तोडून म्हणा, आणि मुलाने जोडून नाकाला हात लावायचा. हा टप्पा गाळला तर पुढे मूल सुटी अक्षरं ओळखतं, पण शब्द जुळवू शकत नाही.

पहिला गट क, म, न, ल, र आणि काना. एवढ्यात नाक, कान, मान, काम, मका, लाल, रान, काका, मामा, कमान होतात, आणि 'मामा, काम करा' हे आख्खं वाक्यही. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची तीन इंची चौकोनी कार्डं कापा. अक्षरं काळ्या रंगात आणि काना लाल रंगात, अरुंद पट्टीवर. एका अक्षराला दोन दिवस द्या. रोज वीस मिनिटं पुरतात: पाच मिनिटं जुनी कार्डं उलटसुलट क्रमाने, पाच नवं अक्षर, उरलेली दहा शब्द जुळवणं आणि लिहिणं. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. 'क कमळाचा' असं शिकवलं की क दिसताच मूल 'कमळ' म्हणतं. चित्र पहिल्या दिवशी दाखवा आणि मग बाजूला ठेवा. 'क ला काना का' हा जप वाचताना आडवा येतो. लाल पट्टी क ला चिकटवत नेत थेट 'का' म्हणा. तिसरी अडचण शेवटच्या अक्षराची. 'नाक'मधला क आपण पूर्ण लिहितो, पण बोलताना तोकडा म्हणतो. मूल मात्र 'ना-कऽ' म्हणतं आणि शब्द ओळखू येत नाही. नियम सांगू नका. 'ना' लांबवा आणि क झटकन तोडा: 'नाऽऽक'.

दुसऱ्या गटात स, ग, व, ट, ण, ळ घ्या. नाशिककरांना याचा सराव फुकटात मिळतो. सीबीएस बसस्थानकावर उभ्या एसटीच्या पाट्यांवर 'कळवण' बिनमात्रेचं असतं, 'सटाणा' आणि 'लासलगाव'ला फक्त काना लागतो. लांब शब्द तुकड्यांनी वाचायचे: कळ-वण, लासल-गाव. घोकलेल्या शब्दाला मूल अंदाजाने ओळखतं. पाटीवरचं नाव त्याला खरोखर वाचावं लागतं.

तिसऱ्या गटात फ, ड, द, प आणि दोन्ही वेलांट्या आल्या की 'निफाड' आणि 'वणी' वाचता येतं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते पण नंतर बोलली जाते, म्हणून मूल 'इन-फाड' असं काहीतरी वाचतं. बोट आधी न वर ठेवायला लावा, मग वेलांटीवर. लिहितानाही आधी न, आणि डावीकडे बोटभर जागा सोडलेली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या टप्प्यावर दुरुस्त करू नका. शब्दाच्या शेवटी बहुधा दीर्घ येतं, 'आणि', 'परंतु' असे थोडे अपवाद, एवढं दुसरीत सांगितलं तरी चालतं.

च आणि ज यांना दोन-दोन उच्चार आहेत: चाक आणि चिमणी, जाळं आणि जेवण. एकाच उच्चाराने शिकवा. शब्द ओळखीचा असला की मूल तोंड आपोआप वळवतं. अनुस्वाराचंही तसंच. आंबा, कांदा, गंगापूर, पंचवटी यांत तो चार तऱ्हांनी उच्चारला जातो, पण बोलीत पक्का असल्याने समजावत बसावं लागत नाही.

वाचनाचे गट आणि लेखनाचे गट वेगळे ठेवा. हाताला सारखं वळण असलेली अक्षरं एकत्र: ग म भ न, व ब क, ट ठ ढ. आधी ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने, मग पाटीवर, शेवटी दुरेघी वहीत. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते. मुलाने ती सरळ ओढली की भ चा म होतो आणि ध चा घ. या अक्षरांमधला बराचसा गोंधळ इथूनच येतो, म्हणून एका गटातल्या असल्या तरी या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. रोज वाचलेल्यांपैकी तीन शब्द न बघता लिहायला सांगा. मुलाने आवाज तोडत तोडत लिहावं, तुम्ही स्पेलिंगसारखं सांगू नका.

जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. उभ्या दांडीच्या अक्षरांपासून सुरुवात: 'सिन्नर'मध्ये पहिल्या न ची दांडी गेली, हे कार्ड कापून दाखवता येतं. रफार त्यानंतर, कारण तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि बोलला जातो आधी.

बागलाण, कळवण भागातली अहिराणी बोलणारी मुलं 'काळा' लिहिलेलं 'काया' आणि 'पाणी' लिहिलेलं 'पानी' वाचतील. ही वाचनातली चूक नाही. अर्थ कळला आहे आणि उच्चार घरचा आहे. वाचन मान्य करा, आणि ळ आणि ण साठी कानाचे खेळ वेगळे घ्या. वाचताना दर शब्दाला थांबवून उच्चार सुधारला, तर मूल मोठ्याने वाचायचंच सोडून देतं.