विनोदी ग्रुपचं गेमिंग चॅनेल: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एकांकिका स्पर्धा, कॉलेजचं गॅदरिंग, कालिदास नाही तर साईखेडकर नाट्यगृहात केलेले प्रयोग, यांतून एकमेकांचं टायमिंग पाठ झालेले चार-पाच जण नाशिकमध्ये शोधावे लागत नाहीत. असा ग्रुप गेमिंग चॅनेल काढायला बसला की पहिली चर्चा हमखास ग्राफिक्स कार्डावर होते. ती मागे ठेवा. विनोदी चॅनेलचा प्रेक्षक खेळ बघायला येत नाही, खेळताना या मंडळींची जी जुंपते ती ऐकायला येतो. म्हणून पैसा आणि वेळ आधी आवाजावर, मग खेळाच्या निवडीवर, मग एडिटिंगवर घाला. चित्राचा नंबर सगळ्यात शेवटी.

अमेरिकेतल्या स्मॉशचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. इयन हेकॉक्स आणि अँथनी पॅडिला यांचं विनोदी चॅनेल २००५पासून यूट्यूबवर होतं. २०१२मध्ये स्मॉश गेम्स हे वेगळं चॅनेल निघालं आणि त्यावर खेळणारी मंडळी ठरलेली होती. त्यांच्या ‘गेम बँग’ कार्यक्रमात हरणाऱ्याला शिक्षा असायची. खेळ बदलला तरी माणसं तीच आणि शिक्षेची टांगती तलवार तीच, त्यामुळे कुठलाही भाग आधी बघितला तरी काही अडत नाही. हेच उचला. स्किटच्या चॅनेलवर गेमिंग मिसळू नका. स्किटसाठी आलेला माणूस गेमचा व्हिडिओ उघडून मिनिटभरात निघून जातो, आणि मग त्याच्यासमोर तुमचं पुढचं स्किटही कमी येतं.

दुसरं उदाहरण घरचंच. २०२०च्या टाळेबंदीत स्टँडअप कॉमेडियन समय रैनाने यूट्यूबवर बुद्धिबळ लाइव्ह सुरू केलं आणि आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात वरचेवर दिसायला लागला. एक जण जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी, बाकीचे घोडा कुठे ठेवावा या विवंचनेत. हशा पिकायचा तो याच तफावतीतून. तुमच्या ग्रुपमध्येही एक खरोखर चांगला खेळणारा, एक काहीच न येणारा आणि एक प्रत्येक नियमावर वाद घालणारा हवा. सगळेच पट्टीचे खेळाडू असले की सगळे गप्प बसून खेळतात.

खेळ निवडताना एक फेरी पाच ते दहा मिनिटांत संपते का आणि मेलेल्या माणसाला बोलायला काही उरतं का, एवढं तपासा. ओव्हरकुक्ड, ह्यूमन फॉल फ्लॅट, अमंग अस हे खेळ चालतात. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ तर नाटकवाल्यांसाठीच केल्यासारखा आहे: एकाला फक्त बॉम्ब दिसतो, बाकीच्यांच्या हातात फक्त माहितीपुस्तक, ते इंग्रजीत, सांगायचं मराठीत, आणि घड्याळ उलटं पळतंय. याउलट बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेमची रँकची मॅच विनोदी भागासाठी अवघड. पहिल्या तीन मिनिटांत मेलेला गडी पुढची वीस मिनिटं नुसता बसून राहतो आणि उरलेले ‘डावीकडे, डावीकडे’ याच्या पलीकडे बोलत नाहीत.

आता आवाज. सगळ्यात जास्त चॅनेलं इथेच मार खातात.

फ्लॅटचा हॉल म्हणजे टाइल्सची फरशी आणि कोऱ्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. फोमचे तुकडे विकत आणण्याआधी खाली सतरंजी टाका, खेळणाऱ्यांच्या पाठीमागे आणि समोरच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा. कंडेन्सर माइक घेऊ नका. तो पंखा, रिक्षा, शेजारचा कुकर सगळं टिपतो. साधा डायनॅमिक माइक तोंडापासून १० ते १५ सेंटीमीटरवर ठेवा. दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट हवं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि एडिट करताना डब्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. प्रत्येकाला स्वतंत्र स्क्रीन असेल तर समोरासमोर बसा, म्हणजे समोरच्याचा आवाज माइकच्या पाठीवर पडतो. एकाच टीव्हीवर खेळत असाल तर शेजारी बसा, पण सोफ्यावर चिकटून नको.

चार यूएसबी माइक एकाच संगणकाला लावायचा मोह टाळा. एकाच मॉडेलचे माइक विंडोजमध्ये सारख्याच नावाने दिसतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असल्यामुळे तासाभरात आवाज एकमेकांपासून सरकायला लागतात. चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, महाग पडतो, पण खर्च करायचाच तर इथे करा. रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर ओबीएस विंडोजवर ही चारही इनपुट थेट वेगळी दाखवत नाही. त्यासाठी एएसआयओचं (इंटरफेसशी थेट जोडून देणारं) मोफत प्लगिन टाकावं लागतं. ते जमत नसेल तर आवाज रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे घ्या आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून नंतर जुळवा.

ओबीएसमध्ये सहा ट्रॅक मिळतात, चार जणांच्या ग्रुपला ते बरोबर पुरतात. पहिल्यावर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त गेमचा आवाज, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत एकेक माणूस. स्पीकर बंद, सगळ्यांच्या कानावर बंद कपांचे हेडफोन. यात आळस केला की काय होतं ते टाइमलाइनवर बसल्यावर कळतं: एखादं वाक्य कापायला जावं तर त्याच्याखालचं गेमचं संगीतही कापलं जातं आणि मध्येच उडी मारतं. दोघं एकदम बोलले आणि चांगला पंच दुसऱ्याच्या खोकल्याखाली गेला, तर एकत्र ट्रॅकमधून तो बाहेर काढता येत नाही. वेगळा ट्रॅक असेल तर खोकला दोन सेकंदांत जातो.

पातळी लावताना नेहमीच्या बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. जास्त वाटली तरी ही मोकळी जागा हवीच, कारण ग्रुप खिदळला की आवाज एकदम उसळतो आणि शून्याला धडकून फाटलेलं हसू नंतर दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर) लावू नका, तो हळू आवाजातला टोमणा आणि दबलेलं हसू गिळतो. पंख्याची घरघर नंतर ८० हर्ट्झच्या, म्हणजे त्याखालचे खर्जातले आवाज कापणाऱ्या, हाय-पास फिल्टरने बरीच जाते. ढोल मात्र जात नाही. गणपतीच्या आधी पथकांचा सराव सुरू झाला की तो ठोका बंद खिडकीतूनही आत येतो, म्हणून त्या दिवसांचे भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवा.

आवाजाचा सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झच ठेवा. एक यंत्र ४४.१ वर राहिलं की ओठ आणि आवाज यांची फारकत होते. फाइल एमकेव्हीमध्ये घ्या. पावसाळ्यात वीज गेली तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसमधल्याच रीमक्सने ती एमपी४ करता येते. १०८०पी, ६० फ्रेम, २० एमबीपीएस या हिशोबाने तासाला साधारण ९ ते १० जीबी लागतात. चेहऱ्यांसाठी मोबाइलचा कॅमेरा चालतो, फक्त त्याचा फ्रेम रेट बदलता असतो. ती फाइल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर आणा. मोबाइल गेम असेल तर scrcpy (उच्चार ‘स्क्रीन कॉपी’) हे मोफत सॉफ्टवेअर यूएसबी केबलवरून अँड्रॉइडची स्क्रीन संगणकावर आणतं. अँड्रॉइड ११पासून पुढे आवाजही येतो.

तास-सव्वा तासाच्या रेकॉर्डिंगमधून १२-१४ मिनिटांचा भाग निघाला तर तो चांगला. एकाने वहीत वेळा टिपत बसावं, म्हणजे एडिटरचा अर्धा जीव वाचतो. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नको. भागातलं सगळ्यात मोठं भांडण दहा-पंधरा सेकंद दाखवा आणि नियम, शिक्षा सांगून थेट खेळात शिरा. रंगमंचावर हशा ओसरेपर्यंत थांबायची सवय असते. इथे पंचनंतर समोरच्याचा चेहरा दिसेल एवढीच फट ठेवा. गेम लोड होणं, सेटिंग शोधणं, ‘थांब, माझं नेट गेलं’ हे सगळं काढा. शॉर्टसाठी उभी फ्रेम: वर गेम, खाली चेहरे.

स्क्रीनवरचा मजकूर देवनागरीत ठेवा, फक्त सॉफ्टवेअर तपासून घ्या. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन केलं नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात. युनिकोडमधले मुक्ता किंवा बालू वापरा, दोन्ही मोफत आहेत. थंबनेलवर चार शब्दांपेक्षा जास्त नको.

लाइव्ह लवकर करू नका. एडिट न करता दोन तास हसवायला फार तयारी लागते. कराल तेव्हा ७२०पी ६० फ्रेमला ६ एमबीपीएस पुरतात, पण अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट तरी हवा. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना यूट्यूब २४ तास थांबवू शकतं, त्यामुळे आदल्या दिवशीच चालू करून ठेवा.

बऱ्याच गेममध्ये विकत घेतलेली गाणी असतात. सेटिंगमध्ये ती गाणी बंद करणारा स्ट्रीमर मोड असेल तर तो लावा, नाहीतर कॉपीराइटचा दावा येऊन कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (यूट्यूबच्या अधिकृत ताकिदी) आल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. मुलांसाठीचा व्हिडिओ अशी खूण उगाच करू नका, कमेंट बंद होतात.

पैशांबद्दल. जाहिरातीच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि त्यासोबत १२ महिन्यांत ४,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्टचे १ कोटी व्ह्यू लागतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुम्हाला मिळतात, शॉर्टचे ४५ टक्के. पैसे १०० डॉलर जमल्यावरच येतात. प्रायोजक त्याआधीही मिळू शकतो. गंगापूर रोडचा कॅफे किंवा मिसळवाला चॅनेल छोटं असतानाही विचारतो. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात कितीही रक्कम दिली तरी घेऊ नका. २०२५च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे आणि शिक्षेत कैदही आहे.

आणि कागद पहिल्या व्हिडिओच्या आधी करा. स्मॉशची मालकी ज्या कंपनीकडे होती ती २०१८मध्ये बंद पडली, चॅनेल दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि मूळच्या दोघांनी ते २०२३मध्ये परत विकत घेतलं. मित्रांच्या ग्रुपमध्येही हाच प्रश्न उभा राहतो, फक्त लहान आकारात. चॅनेल एकाच्या खासगी जीमेलवर काढू नका. ब्रँड अकाउंट (अनेकांना मिळून चालवता येणारं खातं) करून किमान दोघांना मालक ठेवा. अॅडसेन्स, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून येतात ते खातं, एकाच्याच पॅनवर चालतं, कर त्याच्या नावावर दिसतो, म्हणून वाटप कसं करायचं हे सीएला विचारून ठरवा. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर चार गोष्टी लिहा: कोणाचा वाटा किती, एडिटरला वेगळे पैसे किती, सामान कोणाच्या मालकीचं, आणि कोणी पुण्या-मुंबईला नोकरीला गेला तर त्याच्या जुन्या भागांच्या कमाईत त्याचा हिस्सा किती महिने राहणार.